डुकरांच्या पोटातील विरजण

डुक्कर म्हटले की आपल्याकडे नाक मुरडण्याची रीत आहे. या प्राण्याच्या आतड्यात काय चालते, याची चौकशी करावी असे शहरी वाचकाला सहसा वाटणार नाही. परंतु माणसाच्या हाती असलेली प्रतिजैविके आणखी किती वर्षे गुणकारी राहतील, हा प्रश्न काही अंशी डुकरांच्या पोटात ठरत आहे. गेल्या सत्तर वर्षांत जगभरच्या वराहपालन केंद्रांमधून टनांनी प्रतिजैविके खाद्यात मिसळली गेली. त्यांतून औषधांना दाद न देणारे जिवाणू निर्माण झाले आणि ते माणसांपर्यंत पोहोचले. हा वापर थांबवायचा तर पिल्लांना हगवणीपासून वाचवायचे कसे, असा प्रश्न उभा राहतो. त्यावरील उत्तरांपैकी एक म्हणजे ‘प्रोबायोटिक’, अर्थात पुरेशा प्रमाणात दिले असता प्रकृतीला उपकारक ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव. हे जिवाणू डुकराच्या आतड्यात गेल्यावर तेथील मूळच्या सूक्ष्मजीवांवर नेमका काय परिणाम करतात, याचा अभ्यास युरोपात बराच झाला आहे. त्यातून निघालेले निष्कर्ष जाहिरातींतील दाव्यांपेक्षा अधिक गुंतागुंतीचे आणि म्हणूनच अधिक उद्बोधक आहेत.

दूध तुटते तेव्हा

निसर्गात डुकरीण आपल्या पिल्लांचे दूध हळूहळू, काही आठवडे ते महिने घेऊन तोडते. तोवर पिल्ले मुळे, दाणे, माती असे सारे हुंगत, चाखत वाढलेली असतात. व्यापारी वराहपालनात इतका वेळ दिला जात नाही. युरोपीय संघाच्या नियमानुसार २८ दिवसांच्या आत पिल्लांना आईपासून वेगळे करता येत नाही. मात्र स्वच्छ व स्वतंत्र शेडची सोय असल्यास २१ व्या दिवसापासून तशी मुभा आहे. त्या एका दिवसात पिल्लाचे सारे जगच बदलते. आई जाते, जागा बदलते, अनोळखी पिल्लांची संगत लाभते आणि कोमट दुधाऐवजी धान्याचे कोरडे खाद्य पुढ्यात येते. अनेक पिल्ले पहिला दिवस जवळजवळ उपाशीच राहतात.

या उलथापालथीचा पहिला फटका आतड्याला बसतो. दूधपित्या पिल्लाच्या जठरात लॅक्टोबॅसिलस कुळातील जिवाणू मोठ्या संख्येने असतात. दुधातील साखरेपासून ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, म्हणजे घरच्या विरजणात जे घडते तेच येथेही घडते. पिल्लाचे जठर स्वतः फारसे आम्ल स्रवू शकत नाही; जिवाणूंनी केलेले हे आम्लच त्याचे संरक्षण करीत असते. दूध तुटताच या जिवाणूंचे अन्न संपते, त्यांची संख्या घटते आणि जठरातील आंबटपणा कमी होतो. त्याच सुमारास लहान आतड्याच्या आतील मखमलीसारखे अंकुर आखूड होतात, पचन मंदावते आणि न पचलेली प्रथिने पुढे सरकतात.

अशा वेळी ई. कोलाय जिवाणूचे काही रोगकारक प्रकार संधी साधतात. त्यांच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. एफ-४ आणि एफ-१८ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या तंतूंच्या साहाय्याने ते लहान आतड्याच्या पेशींना चिकटतात आणि विष सोडतात. या विषामुळे शरीरातील पाणी व क्षार आतड्यात ओतले जाऊ लागतात. पिल्लाला पातळ हगवण लागते आणि उपचार झाले नाहीत तर ते शुष्क होऊन मरते. दूध तोडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सर्वाधिक धोक्याचे असतात.

औषधांचा सोपा मार्ग

१९५० च्या आसपास अमेरिकेत थॉमस ज्युक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांना असे आढळले की, खाद्यात अल्प प्रमाणात ऑरिओमायसिन मिसळल्यास कोंबडीची पिल्ले झपाट्याने वाढतात. डुकरांतही तोच अनुभव आला. तेव्हापासून रोग असो वा नसो, खाद्यात प्रतिजैविक मिसळण्याची प्रथा रूढ झाली. १९६९ मध्ये ब्रिटनमधील स्वान समितीने तिच्या धोक्याकडे लक्ष वेधले. वाढीसाठी होणाऱ्या या वापरावर पहिली बंदी १९८६ मध्ये स्वीडनने घातली.

डेन्मार्कचे उदाहरण या बाबतीत विशेष बोलके आहे. माणसांची लोकसंख्या साठ लाखांच्या घरात असलेल्या या देशात गेल्या दशकात दरवर्षी तीन कोटींच्या आसपास डुकरे जन्माला घातली जात होती. तेथे खाद्यात ॲव्होपार्सिन हे औषध वापरले जात असे. माणसावरील गंभीर संसर्गात शेवटचा आधार मानल्या जाणाऱ्या व्हँकोमायसिनचे ते जवळचे नातलग. ॲव्होपार्सिन खाणाऱ्या जनावरांच्या आतड्यात व्हँकोमायसिनला न जुमानणारे एंटेरोकोकस जिवाणू आढळल्यावर १९९५ मध्ये डेन्मार्कने त्यावर बंदी घातली. १९९९ अखेरपर्यंत तेथील वराहपालकांनी वाढीसाठीची सर्व प्रतिजैविके सोडून दिली आणि १ जानेवारी २००६ पासून संपूर्ण युरोपीय संघात ती बंद झाली.

मोठ्या डुकरांच्या वाढीवर या निर्णयाचा फारसा परिणाम झाला नाही. नुकतेच दूध तुटलेल्या पिल्लांमध्ये मात्र हगवण वाढली आणि तिच्या उपचारासाठी प्रतिजैविके द्यावी लागली. दुसरा आधार होता झिंक ऑक्साइडचा. किलोभर खाद्यात सुमारे २,५०० मिलिग्रॅम जस्त दोन आठवडे दिले की हगवण आटोक्यात राहत असे. परंतु यातील बहुतेक जस्त विष्ठेवाटे शेतात साठते. शिवाय जस्ताला तोंड देणाऱ्या जिवाणूंमध्ये औषधांना तोंड देण्याची क्षमताही वाढीस लागते. त्यामुळे जून २०२२ पासून युरोपीय संघात औषधी मात्रेतील झिंक ऑक्साइडही बंद झाले.

हा धोका काल्पनिक नाही, हे चीनमधील एका शोधाने सिद्ध केले. २०१५ मध्ये तेथील संशोधकांनी डुकरांतील ई. कोलायमध्ये ‘एमसीआर-१’ नावाचे जनुक सापडल्याचे जाहीर केले. कोलिस्टिन या राखीव औषधाला निष्प्रभ करणारे हे जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकते. किरकोळ विक्रीच्या मांसात आणि रुग्णालयातील रुग्णांमध्येही ते आढळले. त्यानंतर २०१७ मध्ये चीनने कोलिस्टिनचा वाढीसाठीचा वापर थांबवला. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता कोलिस्टिनचे उत्पादन आणि विक्री यांवर बंदी घातली.

जुनी कल्पना, नवे नाव

उपकारक जिवाणूंची कल्पना तशी जुनी आहे. रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आंबवलेल्या दुधातील जिवाणूंचा आणि दीर्घायुष्याचा संबंध जोडला होता. १९७३ मध्ये फिनलंडमधील नुर्मी आणि रंटाला यांनी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील जिवाणू नवजात पिल्लांना पाजले, तेव्हा ती पिल्ले साल्मोनेलाच्या संसर्गाला अधिक समर्थपणे तोंड देऊ लागली. आधी आलेल्या भाडेकरूंनी साऱ्या खोल्या व्यापल्या की नंतर येणाऱ्याला जागा मिळत नाही, असे या प्रयोगामागील तत्त्व सांगता येईल. १९७४ मध्ये पार्कर यांनी पशुखाद्याच्या संदर्भात ‘प्रोबायोटिक’ हा शब्द वापरला आणि पुढे तो माणसांच्या आहारातही रुळला.

डुकरांसाठी आज मुख्यतः चार गटांतील सूक्ष्मजीव वापरले जातात : लॅक्टोबॅसिलस व त्याचे भाईबंद, एंटेरोकोकस फेशियमचे निवडक वाण, बीजाणू धरणारे बॅसिलस आणि पाव फुगवणारे यीस्ट. त्यांचे कार्य चार प्रकारे चालते. ते आम्ल तयार करून रोगजंतूंना प्रतिकूल वातावरण निर्माण करतात. आतड्याच्या भिंतीवरील जागा आणि अन्न यांसाठी स्पर्धा करतात. काही वाण आपल्या शत्रूंना मारणारी प्रथिने स्रवतात. आणि काही आतड्यातील प्रतिकारशक्तीला जागे ठेवतात. मात्र एकाच वाणात हे चारही गुण असतील असे नाही.

नेदरलँड्समधील संशोधकांनी डुकरांच्याच आतड्यातून ‘लॅक्टोबॅसिलस सोब्रियस’ नावाचा जिवाणू वेगळा केला. पुढे तो लॅक्टोबॅसिलस अमायलोव्होरस या ज्ञात जातीतच मोडतो असे ठरले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एफ-४ तंतूंच्या ई. कोलायचा संसर्ग दिलेल्या पिल्लांना हा जिवाणू खाऊ घातला असता आतड्यातील रोगकारक ई. कोलायचे प्रमाण घटले आणि पिल्लांचे वजन अधिक वाढले.

आयर्लंडमधील प्रयोगही लक्षणीय आहे. तेथील संशोधकांनी डुकरांच्या आतड्यातून मिळवलेल्या पाच वाणांचे मिश्रण तयार केले आणि ते साल्मोनेलाचा संसर्ग दिलेल्या पिल्लांना दिले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या पिल्लांमध्ये जुलाबाचे प्रमाण आणि तीव्रता कमी होती, वजन चांगले वाढले आणि विष्ठेतून बाहेर पडणारे साल्मोनेलाही घटले. पुढील वर्षी याच मिश्रणाच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट उघड झाली. पाचही वाण एकत्र दिले, तरी लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यांतील एकाचेच, लॅक्टोबॅसिलस सॅलिव्हेरियसचे, वर्चस्व होते. शत्रुनाशक प्रथिन स्रवणारा वाणही हाच होता. पुडीवर पाच नावे छापलेली असली, तरी आतड्याच्या प्रत्येक भागात पाचही सारख्याच प्रमाणात नांदतात असे नाही.

संख्येचा हिशेब

प्रोबायोटिक दिल्यावर डुकराच्या आतड्यातील सारी जिवाणूसृष्टी बदलून जाते, असा सर्वसाधारण समज आहे. साधा हिशेब केला तरी तो टिकत नाही. किलोभर खाद्यात साधारणतः शंभर कोटी उपकारक जिवाणू मिसळले जातात. दूध तुटलेले पिल्लू दिवसाला पावशेर ते पाऊण किलो खाद्य खाते असे धरले, तर त्याच्या पोटात दिवसाकाठी पंचवीस ते पंच्याहत्तर कोटी जिवाणू जातात. दुसरीकडे त्याच्या मोठ्या आतड्यातील केवळ एका ग्रॅममध्ये एक हजार कोटींहून अधिक जिवाणू असतात. म्हणजे मोठ्या आतड्याच्या दृष्टीने हे पाहुणे समुद्रात टाकलेल्या चमचाभर पाण्यासारखेच होत.

हा समुद्र किती विस्तीर्ण आहे, याची कल्पना २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सूचीवरून येते. डेन्मार्क, फ्रान्स आणि चीनमधील २८७ डुकरांच्या विष्ठेतील जनुकांची नोंद घेतली असता सुमारे ७७ लाख वेगवेगळी जनुके मिळाली. दूध तुटल्यावर या सृष्टीची घडण मुळातच बदलते. दुधावर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि धान्यातील तंतुमय भाग पचवणारे प्रिव्होटेलासारखे जिवाणू पुढे येतात. वय आणि आहार यांमुळे होणाऱ्या या बदलापुढे प्रोबायोटिकमुळे होणारा बदल सहसा लहानच ठरतो. खाद्यातून ते देणे थांबवल्यावर बहुतेक वाण काही दिवसांतच दिसेनासे होतात.

मग त्यांचा उपयोग होतो तो कसा? याचे उत्तर जागेत दडलेले आहे. जठर आणि लहान आतडे यांतील जिवाणूंची वस्ती मोठ्या आतड्याच्या मानाने कितीतरी विरळ असते आणि अन्न तेथून लवकर पुढे सरकते. त्यामुळे खाद्यातून रोज येणारे कोट्यवधी जिवाणू तेथे नगण्य ठरत नाहीत. हगवण घडवणारे ई. कोलाय चिकटतात तेही लहान आतड्यातच. नाक्यावर मोजकेच पहारेकरी योग्य वेळी उभे राहिले तर चोराची वाट अडते. त्यासाठी साऱ्या गावाची वस्ती बदलावी लागत नाही. केवळ विष्ठेची तपासणी करून काढलेले निष्कर्ष अपुरे ठरतात ते याच कारणाने, कारण विष्ठा ही प्रामुख्याने मोठ्या आतड्याची बातमी देते.

बर्लिनचा धडा

या विषयातील सर्वात उद्बोधक संशोधन बर्लिनमध्ये झाले. तेथील संशोधकांनी एंटेरोकोकस फेशियमचा ‘एनसीआयएमबी १०४१५’ हा एकच वाण निवडून त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. गाभण डुकरिणीला आणि नंतर तिच्या पिल्लांना तो देण्यात आला. पिल्लांमधील हगवण कमी झाली. काही रोगकारक गटांतील ई. कोलाय घटले, आईकडून पिल्लांकडे जाणाऱ्या क्लॅमिडिया जिवाणूंचा संसर्गही कमी झाला. वाढीच्या वेगात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. प्रतिजैविकांप्रमाणे वजन वाढवणारे साधन म्हणून याकडे पाहणाऱ्यांची त्यामुळे निराशा झाली असेल. पण आरोग्य राखणे आणि वजन वाढवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून स्पष्ट झाले.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. २००९ मध्ये याच वाणाच्या पिल्लांना साल्मोनेलाचा संसर्ग देण्यात आला, तेव्हा अपेक्षेच्या उलट घडले. प्रोबायोटिक मिळालेल्या पिल्लांच्या विष्ठेतून साल्मोनेला अधिक प्रमाणात बाहेर पडले आणि त्यांच्या अवयवांतही ते अधिक आढळले. आयर्लंडमध्ये पाच वाणांच्या मिश्रणाने साल्मोनेलाला आवर घातला होता, तर येथे दुसऱ्याच वाणाने त्याला वाट करून दिली होती. एका रोगजंतूवर उपकारक ठरलेला जिवाणू दुसऱ्यावरही उपकारक ठरेल असे मानता येत नाही. ‘प्रोबायोटिक चांगले असते’ हे विधान म्हणूनच ‘औषध चांगले असते’ या विधानाइतकेच मोघम ठरते. कोणता वाण, कोणत्या वयात, कोणत्या रोगासाठी, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

बर्लिनच्या अभ्यासातून आणखी एक सूत्र हाती आले. डुकरिणींना हाच वाण दिला असता साऱ्यांवर सारखा परिणाम होत नाही. काहींच्या आतड्यातील सूक्ष्मजीवांमध्ये बदल होतो, काहींमध्ये होत नाही आणि हा फरक त्यांच्या पिल्लांच्या आतड्यातही उमटतो. पिल्लू आपले पहिले जिवाणू आईच्या शरीरावरून, तिच्या दुधातून आणि तिच्या विष्ठेतूनच मिळवत असते. पिल्लाला सुदृढ करायचे तर सुरुवात आईच्या आहारापासून केलेली बरी, हा विचार त्यामुळे बळावला.

जिवंत राहण्याची कसोटी

प्रयोगशाळेत गुणकारी ठरलेला जिवाणू पिल्लाच्या आतड्यापर्यंत जिवंत पोहोचला पाहिजे, ही व्यवहारातील मोठी अडचण आहे. पशुखाद्याच्या गोळ्या करताना ते वाफेवर बरेच तापवले जाते. लॅक्टोबॅसिलस सहसा हा ताप सोसू शकत नाहीत. बॅसिलसचे जिवाणू मात्र कठीण कवचाच्या बीजाणूंच्या रूपात ताप, कोरडेपणा आणि जठरातील आम्ल सहन करतात आणि आतड्यात पोहोचल्यावर जागे होतात. पशुखाद्यात त्यांचा मोठा वापर होतो, त्यामागे हे एक प्रमुख कारण आहे.

डेन्मार्क आणि नेदरलँड्समध्ये दुसरा एक मार्गही अवलंबला जातो. धान्याच्या पिठात पाणी मिसळून ते आंबवायचे आणि पातळ स्वरूपातच डुकरांना द्यायचे. आपल्याकडे इडलीचे पीठ आंबते तसेच हे काम. या खाद्यात लॅक्टिक आम्लाचे प्रमाण भरपूर असल्याने जठराचा आंबटपणा टिकतो आणि साल्मोनेला व ई. कोलाय यांना प्रतिबंध होतो. मात्र आंबवण्यावर नियंत्रण राहिले नाही, तर यीस्ट माजते आणि खाद्यातील पोषक अंश वाया जातात.

सुरक्षिततेचा प्रश्नही दुर्लक्षिता येणार नाही. एंटेरोकोकस फेशियमच्या कुळातच व्हँकोमायसिनला न जुमानणारे वाण आहेत. प्रतिजैविकांना पर्याय म्हणून आणलेल्या जिवाणूनेच प्रतिकारक जनुके पसरवली तर तो रोगापेक्षा भयंकर उपाय ठरेल. म्हणून युरोपीय संघात प्रत्येक वाणाला स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते. इतर जिवाणूंकडे जाऊ शकणारी प्रतिकारक जनुके त्यात नाहीत, हे त्याच्या संपूर्ण जनुकसंचाची छाननी करून दाखवावे लागते.

आपल्या संदर्भात

२०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ९० लाख डुकरे आहेत. त्यांतील मोठा वाटा ईशान्येकडील राज्यांचा असून आसाम आघाडीवर आहे. गुवाहाटीजवळ राणी येथे राष्ट्रीय वराह संशोधन केंद्रही आहे. बहुतांश वराहपालन परसदारी, घरातील उरलेसुरले अन्न आणि स्थानिक चाऱ्यावर चालते. गोव्यातही परसातील डुक्कर हा ग्रामीण जीवनाचा जुना भाग राहिला आहे आणि तेथील ‘आगोंद गोवन’ या देशी जातीची राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली आहे. अशा डुकरांचा आहार, दूध तोडण्याचे वय आणि भोवतालचे जिवाणू हे सारे डेन्मार्कच्या शेडपेक्षा भिन्न आहे. तेव्हा तेथे सिद्ध झालेले वाण येथे जसेच्या तसे गुणकारी ठरतील, असे गृहीत धरणे धाडसाचे होईल. येथल्याच जनावरांतून निवडलेले आणि येथल्याच खाद्यावर पारखलेले वाण लागतील.

युरोपातील अनुभवाचे सार इतकेच की, प्रतिजैविकाची गोणी काढून तेथे प्रोबायोटिकची गोणी ठेवली म्हणजे प्रश्न सुटत नाही. झिंक ऑक्साइड बंद झाल्यावर डेन्मार्कमध्ये पिल्लांच्या हगवणीवरील निओमायसिनचा वापर पुन्हा वाढला, ही गोष्ट या मर्यादेची साक्ष देते. दूध थोडे उशिरा तोडणे, खाद्यातील प्रथिनांचे प्रमाण बेताचे ठेवणे, शेड स्वच्छ व उबदार राखणे, ई. कोलायविरुद्ध लस देणे आणि यांच्या जोडीला पारखून निवडलेला जिवाणू योग्य वेळी देणे, अशी सांगड घालावी लागते. यातील दूध तोडण्याचा प्रश्न सर्वात अवघड आहे, कारण पिल्लू आईपाशी जितके दिवस अधिक राहील तितकी वर्षाकाठी जन्मणाऱ्या पिल्लांची संख्या घटते आणि मांस महागते. विरजण कितीही चांगले असले, तरी दूध कोणत्या भांड्यात आहे आणि त्याला किती वेळ दिला आहे, यावरच दही अवलंबून असते. डुकराच्या पिल्लाला तो वेळ द्यायचा की नाही, हा निर्णय मात्र प्रयोगशाळेतील जिवाणू घेऊ शकत नाहीत. तो वराहपालकाला, सरकारला आणि स्वस्त मांसाची अपेक्षा धरणाऱ्या ग्राहकालाच घ्यावा लागेल.